सोलापूरजवळच्या जुन्या दगडी शेतवाड्याचा मूळ भाग कोणता आणि नंतरची भर कोणती, हे कसे ओळखावे?

सर्वप्रथम भिंतींतील उभे सांधे शोधावेत, कारण मूळ बांधकाम आणि नंतरची भर यांची सीमा बहुधा तिथेच उघडी पडते. एका वेळी उभारलेल्या भिंतींचे थर कोपऱ्यात एकमेकांत गुंतवलेले असतात. पुढे वाढवलेल्या खोलीची भिंत मात्र अनेकदा जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली असते आणि खालपासून वरपर्यंत सरळ फट दिसते. त्यानंतर छत पाहावे. लाकडी तुळया, कडीपाट (तुळयांवर बसवलेल्या लाकडी कड्या व फळ्या) आणि त्यावर पांढरी माती अंथरलेले माळवद, म्हणजे सपाट मातीचे छत, ही या भागाची जुनी रीत आहे. लोखंडी गर्डरांवर शहाबादी फरशी असेल, तर ते छत १८६० च्या सुमारास सोलापुरात रेल्वे आल्यानंतरचे समजण्यास हरकत नाही. मात्र पडक्या भिंतींचे घडीव दगड आणि कोरीव चौकटी पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास होती, म्हणून केवळ एखाद्या दगडाच्या जुनेपणावरून भिंतीचे वय ठरवू नये. दुरुस्ती करायची असल्यास सिमेंटच्या गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, कारण गिलाव्याखाली हा सारा पुरावा झाकला जातो.