इटलीचा फुटबॉलपटू पाओलो मालदिनी इतकी वर्षं बचावफळीत कसा टिकला? आणि लेफ्टबॅकने (डाव्या बाजूच्या बचावपटूने) त्याच्याकडून नेमकं काय उचलावं?

तुमचा प्रश्न असा: बचावपटू तिशी ओलांडली की उतरणीला लागतो म्हणतात, मग मालदिनी ४१ व्या वर्षापर्यंत कसा खेळला? तो मुळात उजव्या पायाचा होता हे खरं का? आणि जिल्हा पातळीवर लेफ्टबॅक खेळणाऱ्या तुम्हाला त्यातून काय घेता येईल?

आधी एक बारीक दुरुस्ती. शेवटच्या सामन्यात तो ४० वर्षांचा होता, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला २६ दिवस बाकी होते. जन्म २६ जून १९६८. इटलीच्या सेरी आ लीगमधलं पदार्पण २० जानेवारी १९८५ ला उदिनेझेविरुद्ध, सोळाव्या वर्षी, बदली खेळाडू म्हणून. शेवटचा सामना ३१ मे २००९ ला फिओरेन्तिनाच्या मैदानावर. क्लब कायम एकच, एसी मिलान. एकूण ९०२ सामने, त्यांतले ६४७ लीगचे. शिवाय इटलीकडून १२६.

हो, तो उजव्या पायाचाच. सुरुवातही उजव्या बाजूने झाली, पण तिथे मौरो तासोत्ती पक्का बसलेला होता, म्हणून हा डावीकडे गेला. डावा पाय त्याने इतका तयार केला की बघणाऱ्याला फरक कळत नसे. उजव्या पायाच्या लेफ्टबॅकला एक फायदा असतो: विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) आत वळला की आपला जोरकस पाय नेमका त्याच्या वाटेत येतो. तोटा पुढे गेल्यावर दिसतो. डाव्या पायाने क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) मारता येत नसेल तर चेंडू उजव्यावर घेण्यासाठी थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचा बॅक जागेवर परत आलेला असतो. डावा पाय कच्चा असेल तर या जागी खेळण्याचा हट्ट धरू नका.

आता टिकण्याबद्दल. लोक त्याच्या शरीरयष्टीचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण माझ्या मते खरं कारण १९८७ मध्ये आलेले प्रशिक्षक आरिगो साक्की. तोवर इटलीत सहसा बचावपटूला एक माणूस नेमून दिलेला असायचा. तो जाईल तिकडे त्याच्या मागे पळायचं. साक्कींनी माणूस सोडून जागा राखायला लावली. बचावाच्या रेषेपासून पुढच्या फळीपर्यंतचं अंतर साधारण २५ मीटर ठेवायचं आणि सगळ्यांनी एकत्र पुढे-मागे सरकायचं. त्यांचा एक सराव प्रसिद्ध आहे: एका बाजूला गोलरक्षक आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी असे पाचच जण, तर दुसऱ्या बाजूला गुलिट आणि व्हॅन बास्टन हे आघाडीवीर धरून दहा. दहा जणांना पंधरा मिनिटं द्यायची; चेंडू गेला की त्यांनी पुन्हा मागून सुरुवात करायची. साक्की सांगतात की गोल कधीच झाला नाही. विसाव्या वर्षाच्या आत हे अंगात मुरलं, म्हणून पुढे वेग कमी झाला तरी त्याचं फारसं अडलं नाही. १९९३-९४ मध्ये, तेव्हा प्रशिक्षक कापेल्लो होते, मिलानने लीगच्या ३४ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले.

दुसरी गोष्ट नियमांची, जी सहसा कोणी बोलत नाही. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला खेळाडूही ऑफसाइड, म्हणजे पास निघताना बचावाच्या पलीकडे गेल्याचा दोषी, ठरायचा. मग तो निर्दोष झाला. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. १९९८ च्या विश्वचषकात मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याचा आदेश आला. पाय घालून चेंडू काढणाऱ्यांची यात पंचाईत झाली. मालदिनीचं काम मात्र आधीपासूनच वाट अडवण्याचं होतं, जमिनीवर घसरणं हा शेवटचा उपाय.

तिसरी गोष्ट जागा बदलण्याची. लेफ्टबॅकला सामनाभर लांब धावा काढाव्या लागतात. मध्यभागी खेळणाऱ्या बचावपटूचं, म्हणजे सेंटरबॅकचं, पळणं कमी, पण चूक महाग. १९९४ मध्ये अथेन्सला झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघांवरही बंदी होती. मालदिनी फिलिप्पो गाल्लीबरोबर मध्यभागी खेळला आणि मिलानने बार्सिलोनाला ४-० हरवलं. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत २००३ मध्ये युव्हेंटसविरुद्ध आणि २००७ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध तो नेस्ताच्या शेजारी मध्यभागीच होता. मधल्या २००५ च्या अंतिम सामन्यात मात्र स्टाम-नेस्ता जोडी मध्ये, आणि हा ३६ व्या वर्षी पुन्हा डावीकडे! त्या रात्री त्याने पहिल्याच मिनिटात गोल केला, तरी ०-३ वरून बरोबरी साधलेल्या लिव्हरपूलने पेनल्टी शूटआउटमध्ये कप नेला.

तो चुकला नाही असंही नाही. १८ जून २००२, विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध जादा वेळेतलं ११७ वं मिनिट. डावीकडून क्रॉस आला, आन जुंग-ह्वान त्याच्याहून उंच उडाला आणि गोल्डन गोलने (जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा) इटली घरी. उंचीने आन कमीच होता. अशा वेळी नजर फक्त चेंडूवर राहिली की माणूस निसटतो. क्रॉस निघायच्या आधीच एक नजर मागे टाकून, हात हलका लावून माणूस कुठे आहे ते कळून घ्यावं लागतं आणि त्याच्याआधी जमीन सोडावी लागते. त्या सामन्यानंतर तो इटलीकडून खेळला नाही.

तुमच्यासाठी आता. विंगर समोर आला की सरळ छाती करून उभे राहू नका. शरीर तिरकं, गुडघे किंचित वाकलेले, अंतर दीड-दोन मीटर. याहून जवळ गेलात तर तो एका हूलमध्ये निघून जाईल, लांब राहिलात तर त्याला मान वर करून पास शोधायला वेळ मिळेल. आतली वाट बंद करून त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकला. त्याच्या पायांकडे बघू नका, चेंडूकडे बघा. चेंडू त्याच्या पायापासून जरा लांब सुटेल तोच तुमचा क्षण.

रेषेचं गणितही सोपं आहे. चेंडू असलेल्या माणसावर दबाव आहे किंवा त्याची पाठ तुमच्याकडे आहे, तर चौघांनी मिळून दोन पावलं पुढे. तो मोकळा आहे आणि मान वर आहे, तर लगेच मागे. आपल्या मैदानांवर बहुतेक गोल इथेच होतात: तिघे पुढे सरकतात आणि लांबच्या बाजूचा बॅक मागे राहून समोरच्याला ऑनसाइड ठेवतो. चेंडू उजवीकडे असताना तो मागे राहिलेला बॅक तुम्ही असता. त्या वेळी बाजूच्या रेषेला चिकटू नका, सेंटरबॅकपासून आठ-दहा मीटरवर या आणि त्याच्याकडे बघूनच पाऊल टाका.