हुशारीवरून तुकड्या पाडल्या आहेत, हे पालकांना कळतं कसं?

सहावीत गेलेल्या तुमच्या मुलाला 'अ' तुकडीतून 'क'मध्ये टाकलं, शाळेनं कारण सांगितलं नाही, आणि हे पालकांना कळतं तरी कसं, असं तुम्ही विचारलं आहे. आमच्या घरी हे होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला ते लेकीच्या वहीतून कळलं. शाळेतून कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही भांडुपला राहतो. लेक मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आहे, आता आठवीला. चौथीपर्यंत प्राथमिक विभाग आणि पाचवीपासून माध्यमिक. पाचवीच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचं नाव 'ड'च्या यादीत होतं. नवा विभाग, नव्या याद्या, सगळी मुलं मिसळली असतील असं मी धरून चालले. गणपतीच्या सुट्टीत आमच्याच मजल्यावरची तिची मैत्रीण अभ्यासाला आली. तीही त्याच शाळेत पाचवीला, पण 'अ'मध्ये. दोघींच्या गणिताच्या वह्या चटईवर शेजारी शेजारी उघड्या होत्या. मैत्रिणीचे अपूर्णांक संपून कोन सुरू झाले होते, तेही इंग्रजीतून. माझी लेक अजून मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत होती. मैत्रिणीच्या दप्तरात शिष्यवृत्तीच्या सरावाची दोन पुस्तकं होती. त्या वेळी ती परीक्षा पाचवीलाच असायची. मी लेकीला विचारलं, "तुमच्या वर्गाला नाही दिली?" ती म्हणाली, "ती अ-ब वाल्यांना. आम्ही ड ना."

तिला हे जूनपासून माहीत होतं. कोणत्या तुकडीला काय म्हणतात हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. आमच्या लहानपणी 'ड'च्या पुढचं अक्षर लावून चिडवायचे, तसंच आजही चिडवतात. तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं की मला ठाऊक असेल आणि मी तिच्यावर नाराज असेन. तीन महिने तिनं हे मनात ठेवलं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सगळ्यात आधी मुलाशी बोला. "तुला 'क'मध्ये का टाकलं?" असं विचारलंत तर तो गप्प बसेल. "तुमच्या वर्गात आणि 'अ'मध्ये काय वेगळं असतं रे?" असं विचारा, तो भरभरून सांगेल.

मग मला इतके महिने का कळलं नाही, याचा मी नंतर खूप विचार केला. एक कारण प्रगतिपुस्तक. २०१० पासून आपल्याकडे आठवीपर्यंत श्रेणी देतात. तिला चौथीत गणितात ब-१ होती, म्हणजे ७१ ते ८० टक्के. मला ती चांगलीच वाटली. वर्गात तिच्या पुढे किती मुलं आहेत हे त्या कागदावर कुठेच नसतं. शिक्षकांच्या नोंदवहीत मात्र गुण असतात आणि याद्या त्यावरून निघतात. दुसरं कारण सेमी-इंग्रजी. आमच्या शाळेत 'अ' आणि 'ब' सेमीच्या तुकड्या, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. निकालासोबत त्याचा एक छापील फॉर्म दिला होता, चार दिवसांत भरून द्यायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गावी गेलो, फॉर्म तसाच राहिला. तो भरला असता तरी ब-१ वर तिला सेमी मिळालं नसतं, हे पुढे कळलं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पूर्वी शाळा सुटताना सगळ्या आया एकाच फाटकापाशी उभ्या असायच्या, कोणत्या वर्गाला काय शिकवलं ते आपोआप कानावर पडायचं. आता प्रत्येक तुकडीचा ग्रुप वेगळा. 'ड'च्या ग्रुपवर 'ड'चाच गृहपाठ येतो, 'ड'च्याच सूचना येतात. आपल्या मुलाला काय दिलं गेलं नाही, हे त्या ग्रुपवर कधीच दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या तुकडीतल्या एका तरी पालकाशी ओळख ठेवा. एक वही आणि एक वेळापत्रक मागून घ्या. गणिताला 'अ'ला कोण आहे आणि 'क'ला कोण, 'क'चे किती तास नुसते ऑफ जातात, चाचणीचा पेपर एकच आहे की दोन, हे तेवढ्यावरून कळतं. सहावी आहे, तर होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची सूचना कोणत्या वर्गांत वाचली तेही विचारा. ती परीक्षा सहावी आणि नववीला असते.

यानंतर मी वर्गशिक्षिकेला भेटले. पालकसभेत नाही. तिथे चाळीस जणांसमोर बाई "सगळ्या तुकड्या सारख्याच" एवढंच म्हणू शकतात, आणि त्यांना अडचणीत आणून आपल्याला काही मिळत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर वेळ मागून गेले आणि तीनच गोष्टी विचारल्या. यादी कोणत्या परीक्षेच्या कोणत्या विषयांवर निघाली? या वर्गात काय शिकवायचं कमी केलंय? आणि मुलीनं अभ्यास वाढवला तर ती कधी आणि कशी हलू शकते?

पहिल्याचं उत्तर बाईंनी प्रामाणिकपणे दिलं: चौथीची वार्षिक, गणित आणि इंग्रजी, ८० टक्क्यांच्या वर सेमी. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, कमी काही केलेलं नाही, फक्त वेग कमी आहे. तिसऱ्यावर थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "तसं कुणी विचारलेलं नाही आजवर." माझा खरा राग या वाक्यावर आहे. वेग कमी ठेवला, समजेपर्यंत शिकवलं, तर मी आभारच मानेन. पण परतीची वाट न ठेवता नऊ-दहा वर्षांच्या पोराला एका यादीत टाकायचं आणि दहावीपर्यंत ती यादी तशीच पुढे ढकलायची, हे मला मान्य नाही.

गुणांनुसार गट करणं मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. याच मुलीला तिसरीत वाचन जमत नव्हतं. तिथल्या बाई रोज एक तास सात-आठ मुलांना वेगळं बसवायच्या, अक्षरकार्डं आणि छोट्या गोष्टी घेऊन. बाकीचा दिवस ती आपल्याच वर्गात. दिवाळीनंतर ती त्या गटातून बाहेर पडली. आपल्या मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम असाच होता. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी शाळेच्या वेळेत साधारण दोन तास वेगळं शिकवायची, मग मुलं वर्गात परत. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त फायदा तळाच्या मुलांना झाल्याचं त्यात दिसलं. डुफ्लोंच्याच केनियातल्या १२१ शाळांच्या अभ्यासात तर पहिलीचे वर्ग गुणांवरून दोन भागांत केले तेव्हा खालच्या भागातल्या मुलांचीही प्रगती झाली, कारण शिक्षकांना त्यांच्या पातळीवर शिकवता आलं. म्हणून बाईंना भेटाल तेव्हा 'क'मध्ये त्याच्यासाठी नक्की काय वेगळं करतात, ते जरूर विचारा. याला उत्तर नसेल, तर ती तुकडी फक्त 'अ' हलकी करण्यासाठी आहे असं समजा.

कायद्याचं थोडक्यात. शाळा अनुदानित किंवा पालिकेची असेल, तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तुमच्या शाळेतले ते कोण, हे शोधा. आम्ही दोन वर्षं सदस्यांची नावंसुद्धा विचारली नव्हती. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीनं निवडले जातात. तिथे सहसा फीवरच बोलणं होतं, पण तुकड्यांचा विषय काढायला कुणाची हरकत नसावी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शैक्षणिक संस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, गुणांवरून बॅचेस पाडणं शक्यतो टाळावं आणि मुलांचा चारचौघांत अपमान करू नये, असं त्यात आहे. 'शक्यतो' हा शब्द आहे, त्यामुळे ते दाखवून भांडायला जाऊ नका. पत्रात एक ओळ म्हणून जरूर घाला. अनुदानित शाळेला दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, उत्तराला तीस दिवस. मला ती वेळ आली नाही.

आमच्याकडे झालं ते असं. आम्ही 'क' आणि 'ड'चे सहा पालक मिळून मुख्याध्यापिकांना भेटलो आणि दोनच गोष्टी मागितल्या: शिष्यवृत्तीची सूचना सगळ्या तुकड्यांत वाचावी, आणि सहामाहीनंतर याद्या एकदा पुन्हा बघाव्यात. पहिली त्याच आठवड्यात झाली. त्या परीक्षेला बसायला गुणांची अट नसते, 'ड'मधून अकरा जण बसले. दुसरी त्या वर्षी झाली नाही. सहावीला जाताना मात्र इच्छुक मुलांची चाचणी घेतली, लेक मे महिनाभर गावाला न जाता इंग्रजीतले गणिताचे शब्द पाठ करत बसली आणि 'ब'मध्ये गेली. आमच्यातल्या दोन मुलांना ते जमलं नाही. ती 'ड'मध्येच राहिली, पण त्यांच्या गणिताच्या बाई बदलल्या आणि त्यांची गाडी बरी चालली आहे.

तुमच्या मुलाची सहामाही दिवाळीच्या आधी असेल. वर्गशिक्षकांना त्याआधीच भेटा, शक्यतो याच पंधरवड्यात. सहामाहीचे गुण लागले की याद्यांबद्दल बोलायला शाळेत कुणाला वेळ नसतो आणि मग सगळं एप्रिलवर जातं. जाताना त्याची गणिताची वही सोबत न्या.