कोपऱ्यातल्या सहीला भुलू नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि त्या जुन्या पुस्तकातल्या चित्रांचे फोटो मिळाले. छत्र्या घेऊन निघालेली ती बेडकांची वरात मी भिंग लावून बघितली. रेषेत जीव आहे, वादच नाही. म्हणून तर तुझी घाई खटकली. कोपऱ्यात दोन अक्षरं दिसली, त्याच आद्याक्षरांचा चित्रकार कुठल्याशा यादीत सापडला आणि तू लगेच लेख लिहायला बसलास? वर म्हणतोस, 'शैली तर तीच आहे.' शैली हा पुरावा नव्हे.

कोपऱ्यातली सही चित्रकाराचीच असते, असं कुणी सांगितलं तुला? १८६५ सालच्या इंग्रजी बालकादंबरीची, 'अ‍ॅलिस'ची चित्रं उघडून बघ. चित्रकार जॉन टेनियलची गुंफलेली आद्याक्षरं एकीकडे आणि दुसरीकडे 'डॅल्झील'. हे डॅल्झील बंधू चित्रं लाकडावर कोरून द्यायचे, आणि त्यांच्याकडच्या कितीतरी कारागिरांचं कामही याच नावाने बाहेर पडायचं. टेनियल प्रसिद्ध, म्हणून आपण फसत नाही. तुझा माणूस प्रसिद्ध नाही.

रंगांचंही तेच. 'रेषेबाहेर सांडणारे स्वप्नाळू रंग' म्हणे! अरे, छापताना रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, हललंय ते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी चित्रकारांना प्रत्येक रंगासाठी वेगळं काळं चित्र करून द्यावं लागे. पूर्ण रंगीत चित्र जमायचं ते थेट छपाईच्या कागदावर. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मिळव. तुझ्या प्रतीत बेडकाची टोपी लाल रंगाबाहेर डोकावते आणि दुसरीत नाही, असं दिसलं तर स्वप्नाळूपणाचं श्रेय मशीनला दे. शैली हा पुरावा नव्हे, हे पुन्हा सांगतोय. आधीच्या-नंतरच्या आवृत्त्या बघ, पहिल्या आवृत्तीतलं नाव पुढच्या आवृत्तीत गळलेलं असू शकतं. प्रकाशकाच्या मानधनाच्या वह्या कुठे उरल्या असतील तर त्या सोन्यासारख्या.

लोक मला हटवादी म्हणतात, म्हणोत. एका चित्रमालेवरचं टिपण मी वर्षानुवर्षं 'चित्रकार अज्ञात' म्हणूनच ठेवलं. दुसऱ्या कुणीतरी त्यावर नाव चिकटवलं, वाहवा मिळवली. आज तेच नाव सगळीकडे फिरतंय. खरं असेलही. मला पुरावा दिसला नाही, म्हणून मी लिहिलं नाही, आणि आजही लिहिणार नाही. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या छापखान्यातली जाणती माणसं हयात होती, तेव्हा मी कागदांत डोकं खुपसून बसलो होतो. तुझ्या पुस्तकाशी संबंधित कुणी म्हातारं माणूस असेल, तर लेख राहू दे आणि आधी त्याला गाठ.

चित्रांच्या प्रती छापून विकायचं तर तूर्त डोक्यातून काढ. चित्रकार विसरला गेला म्हणून त्याची चित्रं बेवारस होत नाहीत. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार हक्क मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतात, अनेक देशांत ७०. नावच पक्कं नाही, तर मृत्यूचं साल कुठून आणणार आहेस?

लेख लिहायचाच असेल तर 'चित्रकार अनिश्चित' असं स्पष्ट लिही आणि सहीचा फोटो छाप. ओळखणारं कुणी वाचेल तरी. मला मात्र शीर्षकपानाच्या दोन्ही बाजू आणि शेवटचं पान पाठव, तिरक्या उजेडात काढलेलं. आणखी सुंदर चित्रं नकोत.