तळ्यात डेपोचं काळं पाणी, तुरटी फिरवून काय होणार?

प्रश्न: आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला कचरा डेपो आहे, दीडशे मीटरवर असेल. पाऊस लागला की तळं आधी चहासारखं होतं, मग हिरवंगार, आणि पहाटे मासे मरून तरंगतात, दुपारी बघावं तर सगळं नॉर्मल. म्हशी तेच पितात. कुणी तुरटी टाका म्हणतं, कुणी चुना, कुणी उकळून वापरा. काय करू? (एक वाचक)

उत्तर: दादा, पहाटेचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, सगळी गोम तिथेच आहे. ढिगातून झिरपलेलं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, कुजका माल, अमोनिया, क्षार आणि बॅटऱ्या-बिटऱ्या पडल्या असतील तर जड धातूपण घेऊन उतरतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं म्हणून दुपारी सगळं ठीक वाटतं, पण रात्रभर तेच ऑक्सिजन ओढत बसतं, वर कुजका माल खाणारे जंतू आहेतच, मग उजाडेपर्यंत माशांना काय उरणार?

तुरटीने गाळ बसेल, विरघळलेला अमोनिया आणि क्षार तसेच. चुना तर मुळीच नको, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वाढला की तोच अमोनिया माशांना जास्त विषारी होतो. उकळल्याने जंतू मरतात हो, पण क्षार आणि धातू उलट दाट होतात. म्हशींना आजपासून दुसरं पाणी द्या, काही हिरव्या-निळ्या शेवाळाने जनावरं दगावतात.

आता दोन बाटल्या भरा, एक ओघळ तळ्यात उतरतो तिथली, दुसरी तुलनेसाठी डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीची, आणि लॅबला क्लोराइड (मिठात असतो तो घटक), अमोनिया, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सीओडी (कुजका माल किती ते सांगणारी चाचणी) करायला सांगा. क्लोराइड कुजत नाही की मातीत अडकत नाही, त्यामुळे डेपोचा माग त्यावरून लागतो (पिण्याच्या पाण्यात लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत बरं). गावाचं गटारही तळ्यात येत असेल तर तेही क्लोराइड आणतं, ते आधी बघून घ्या, नाहीतर डेपोवाले तेवढंच धरून बसतील.

आणि दीडशे मीटर अंदाजाने नको, टेप लावा. 2016 च्या घनकचरा नियमांत लँडफिल (कचरा टाकून पुरायची जागा) तळ्यापासून 200 मीटर लांब हवं असं होतं, आत्ताच्या नियमांत काय आहे ते बघून रिपोर्टसोबत तक्रारीच्या अर्जात लिहा. पुण्याच्या कचऱ्याने फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या विहिरी नासल्या, तिथल्या लोकांना टँकरवर दिवस काढावे लागले, त्यामुळे तळ्याजवळच्या विहिरीपण तपासून घ्या. मृगाच्या आधी डेपोवाल्यांना डेपोच्या वरून चर मारून पावसाचं पाणी ढिगाबाहेरून वळवायला लावा, जेवढं ढिगात कमी शिरेल तेवढं काळं कमी उतरेल.