शेवटचा पत्ता नेहमीच खरा नसतो

प्रश्न : क्लासच्या निमित्ताने लातूरला खोली घेऊन राहणारे आम्ही चौघे मित्र रविवारी संध्याकाळी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळतो. दोन पत्त्यांचे परिणाम एकमेकांना छेद देऊ लागले, की ‘शेवटचा पत्ता खरा’ असे आम्ही आपसांत ठरवून ठेवले आहे. मागच्या रविवारी मी माझ्या २/२ (ताकद दोन, टिकाव दोन) ‘ग्रिझली बेअर्स’ या अस्वलाच्या पत्त्यावर ‘जायंट ग्रोथ’ टाकला. त्याने +३/+३ मिळून अस्वल ५/५ होते. त्यावर मित्राने लगेच ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकून अस्वलाला तीन डॅमेज दिले आणि ते मेले असे जाहीर केले. पाचातून तीन गेले तरी दोन उरतात, मग अस्वल मेले कसे? वाद इतका वाढला, की मेसचा डबा तसाच निवून गेला.
— एक वाचक, लातूर

उत्तर : अस्वल मेले, हे तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्याचे कारण ‘शेवटचा पत्ता खरा’ हे नाही. हे कारण नीट समजून घेतले नाही, तर पुढच्या रविवारी हाच वाद दुसऱ्या पत्त्यांवरून होईल.

‘जायंट ग्रोथ’ तुम्ही टाकलात त्या क्षणी अस्वल ५/५ झाले, असे तुम्ही धरलेत. चूक तिथेच झाली. टाकलेला स्पेल, म्हणजे मंत्राचा पत्ता, ताबडतोब लागू होत नाही, तो आधी ‘स्टॅक’वर जाऊन बसतो आणि समोरच्याला उत्तर देण्याची संधी मिळते. स्टॅक म्हणजे भाकरीची चवडच. तव्यावरून शेवटी उतरलेली भाकरी सर्वांत वर असते आणि ताटात तीच आधी येते. मित्राचा ‘बोल्ट’ तुमच्या ‘ग्रोथ’च्या वर बसला, म्हणून तो आधी सुटला, म्हणजे लागू झाला. त्या क्षणी अस्वल अजून २/२ च होते आणि तीन डॅमेज त्याला पुरून उरले. नंतर ‘जायंट ग्रोथ’ची पाळी आली तेव्हा त्याचे टार्गेट टेबलावर राहिलेच नव्हते, त्यामुळे तो काहीही न करता वाया गेला.

आता हेच उलट्या क्रमाने मांडून पाहा. मित्राने आधी ‘बोल्ट’ टाकला आणि त्याला उत्तर म्हणून तुम्ही ‘ग्रोथ’ टाकलात, तर ‘ग्रोथ’ आधी सुटतो, अस्वल ५/५ होते आणि तीन डॅमेज पचवून जिवंत राहते. किंवा मित्राने घाई न केल्यामुळे ‘ग्रोथ’ सुटून गेला आणि त्यानंतर त्याने ‘बोल्ट’ टाकला, तरीही अस्वल वाचते. या तिसऱ्या मांडणीत ‘बोल्ट’ अगदी शेवटी आलेला आहे आणि तरी त्याचे काही चालत नाही, इकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. टर्न (खेळाडूची पाळी) संपताना +३/+३ उतरले की तीन डॅमेज खाल्लेले २/२ अस्वल मरेल का, हा प्रश्न यापुढे हमखास निघेल. ते मरत नाही, कारण टर्नपुरते असलेले परिणाम आणि क्रीचरवर, म्हणजे अस्वलासारख्या लढणाऱ्या पत्त्यावर, साचलेले डॅमेज ही दोन्ही एकाच क्षणी पुसली जातात.

स्टॅकची ही पद्धत १९९९ मध्ये, खेळाच्या सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर आली. ‘युगिओ’ या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळात तिला ‘चेन’ म्हणतात आणि तिथेही शेवटचा दुवा आधी सुटतो. माझी तुम्हा चौघांना कळकळीची विनंती आहे, की स्पेल टाकल्यावर पत्ता टेबलाच्या मध्यभागी ठेवावा, उत्तर म्हणून आलेला पत्ता प्रत्यक्ष त्याच्यावर ठेवावा आणि ‘उत्तर द्यायचे आहे का?’ असे विचारल्याशिवाय वरचा पत्ता उचलू नये. नवख्यांचे निम्मे वाद एवढ्यानेच मिटलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ नांदेडला आमच्याकडे आला होता. त्याच्यासमोर ‘प्लॅटिनम एंजल’ होती, माझ्याकडे ‘फेलिडार सॉव्हरिन’. माझ्या अपकीपला, म्हणजे माझ्या टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्याला, माझे लाइफ ४३ होते, म्हणजे ‘सॉव्हरिन’प्रमाणे मी डाव जिंकायला हवा. मामेभाऊ म्हणाला, ‘एंजल आहे तोवर तू जिंकूच शकत नाहीस.’ जन्मभर मेंढीकोट खेळलेल्या आमच्या आजोबांनी निवाडा दिला, की एंजल आधीची आणि हा परिणाम नंतरचा, तेव्हा नंतरचा वरचढ. कोणाचे खरे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आजोबांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, की मामेभावाचे खरे आहे. मेंढीकोटात नंतर पडलेल्या हुकमाने आधीचा पत्ता कापला जातो, म्हणून त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. तिथे पत्ता स्वतः काही बोलत नाही, त्याचा रंग आणि दर्जा एवढेच पाहायचे असते. इथे प्रत्येक पत्त्यावर एक वाक्य छापलेले असते आणि निवाडा त्या वाक्याचा करावा लागतो.

‘सॉव्हरिन’ म्हणतो, की अपकीपच्या सुरुवातीला लाइफ ४० किंवा अधिक असेल तर तुम्ही जिंकता. ‘एंजल’ म्हणते, की तिचा मालक हरू शकत नाही आणि त्याचे प्रतिस्पर्धी जिंकू शकत नाहीत. एक पत्ता एखादी गोष्ट घडवतो किंवा तिला मुभा देतो आणि दुसरा ‘ती होऊ शकत नाही’ असे म्हणतो, तेव्हा मनाई वरचढ ठरते. अधिकृत नियमावलीच्या १०१ व्या कलमातच हे सांगितलेले आहे. आधी कोण आले, कोणाचा पत्ता महाग आहे, कोणाचा टर्न चालू आहे, यांपैकी कशानेही त्यात फरक पडत नाही.

त्याच कलमात आणखी एक तत्त्व आहे : पत्ता आणि नियमावली यांत विरोध आला, तर पत्त्याचे मानावे. लाइफ शून्यावर आले की खेळाडू हरतो, हा मूळ नियम आहे. एंजलचा मालक मात्र लाइफ उणे चारवर जाऊनही खेळत राहतो. या तत्त्वाला एकच अपवाद आहे. खेळाडूने स्वतः हार पत्करून उठायचे ठरवले, तर कोणताही पत्ता त्याला अडवू शकत नाही, एंजलसुद्धा नाही.

तुमचा विजय हुकला, तो पुढे जमाही राहिलेला नाही. पण पुढच्या अपकीपला ‘सॉव्हरिन’ पुन्हा तपासणी करील. तोवर एंजलला टेबलावरून काढा. ती ४/४ आहे आणि स्वतःच्या जिवाला तिने कोणतेही कवच दिलेले नाही.

प्रश्न : ‘ह्युमिलिटी’मुळे सगळे क्रीचर १/१ होतात, ‘ग्लोरियस अँथम’ माझ्या क्रीचरना +१/+१ देतो. दोन्ही पत्ते टेबलावर असतील तर माझे क्रीचर किती? इथे तरी शेवटचा पत्ता खरा ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचे क्रीचर २/२, पत्ते कोणत्याही क्रमाने आले तरी. टेबलावर कायम राहणारे परिणाम स्टॅकप्रमाणे सुटत नाहीत. ते ‘लेअर’नुसार, म्हणजे ठरलेल्या सात थरांत लावले जातात. आधी नक्कल, मग ताबा, पत्त्यावरचा मजकूर, प्रकार, रंग, क्षमता आणि शेवटी ताकद व टिकाव. या शेवटच्या थरातही आकडा ठरवून देणारे परिणाम आधी आणि त्यात भर-घट करणारे नंतर लागतात. ‘ह्युमिलिटी’ आकडा १/१ ठरवते, ‘अँथम’ त्यावर भर घालतो. लातूरच्या वाचकाच्या अस्वलावर ‘जायंट ग्रोथ’ सुटला असता आणि त्याच टर्नमध्ये नंतर ‘ह्युमिलिटी’ आली असती, तर ते ४/४ राहिले असते, १/१ नव्हे.

तुमचे सूत्र खरे ठरते अशी एक जागा मात्र आहे. दोन परिणाम एकाच थरात, एकाच प्रकारचे असले, म्हणजे एक म्हणतो ‘मूळ आकडा १/१’ आणि दुसरा म्हणतो ‘मूळ आकडा ४/४’, तर सर्वसाधारणपणे नंतर आलेल्याचे चालते.

प्रश्न : दोघांच्याही पत्त्यांची क्षमता एकाच क्षणी सुरू झाली, तर आधी कोणाची सुटते?
— एक वाचक, बीड

उत्तर : ज्याचा टर्न चालू आहे तो आपल्या क्षमता स्टॅकवर आधी ठेवतो, समोरचा त्यांच्यावर आपल्या ठेवतो, त्यामुळे समोरच्याच्या आधी सुटतात. एकाच खेळाडूच्या दोन-तीन असतील, तर त्यांचा आपसांतला क्रम त्यानेच ठरवायचा असतो. तो ठेवतानाच मोठ्याने सांगावा, कारण एकदा ठेवलेला क्रम मागाहून बदलता येत नाही.