आठ वर्षांच्या मुलीचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. आत्ताच उपचार करावेत की सगळे दुधाचे दात पडू द्यावेत?

डॉक्टर म्हणतात आत्ता, घरचे म्हणतात थांबा, असं तुम्ही लिहिलंय. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे नीट बसवणारी डॉक्टर आहे. एरवी मीही पुष्कळ पालकांना थांबायला सांगते, पण तुमच्या लेकीच्या बाबतीत थांबू नका.

आधी घरीच एक बघा. तिला मान सरळ ठेवून अगदी सावकाश दात मिटायला सांगा. पुढचे दात आधी एकमेकांवर टेकतात आणि मग हनुवटी पुढे सरकते का? सरकत असेल तर जबडा बहुधा दिसतो तितका पुढे नाही. वरचे दात आत कललेत, ते चुकवायला ती जबडा पुढे नेते. अशा वेळी काढता-घालता येणाऱ्या प्लेटने किंवा पुढच्या मोजक्या दातांवरच्या ब्रेसेसने बहुतेकदा काही महिन्यांत काम होतं.

हनुवटी न सरकताच दात उलटे बसत असतील, तर वरचा जबडा वाढीत मागे पडलाय की खालचा जास्त वाढतोय हे चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून ठरवावं लागतं. वरचा मागे पडला असेल तर फेसमास्क लावतात. कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी ती चौकट असते, तिच्यातून रबरांनी वरचा जबडा पुढे ओढला जातो. रोज साधारण 12 ते 14 तास. हाडांमधले सांधे वयानुसार घट्ट होत जातात, म्हणून साधारण 10 वर्षांच्या आत याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. वरचा जबडा अरुंदही असेल तर आधी टाळूला एक्स्पांडर, म्हणजे चावीने फिरवून जबडा रुंद करणारा स्क्रू बसवतात. चावीच्या एका फेऱ्याला तो साधारण पाव मिलिमीटर उघडतो. त्या दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते, तिला घाबरू नका, पुढे ती बहुधा आपोआप मिटते.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. खालचा जबडा वयात येताना पुन्हा जोर धरू शकतो, आणि काही मुलांना एवढं करूनही वाढ थांबल्यावर शस्त्रक्रिया लागते. घराण्यात कोणाची हनुवटी अशी पुढे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

घरच्यांचा सल्लाही उगाच नाही. वरचे दात पुढे असलेल्या मुलांत लवकर सुरू करून दोन टप्प्यांत केलेल्या उपचाराचा शेवट, वयात येताना एकदाच केलेल्या उपचारापेक्षा फारसा वेगळा नसतो. पडल्यावर पुढचे दात तुटण्याचा धोका मात्र लवकर कमी होतो. तुमच्या मुलीचा प्रश्न याच्या उलट आहे, म्हणून तो सल्ला इथे लागू पडत नाही.

फेसमास्क सांगितला, तर किती तास लावला हे रोज तिलाच वहीत लिहू द्या. पहिल्या आठवड्यात हनुवटीची कातडी लाल झाली तर मास्क बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. टेकण बदलून देता येतं.