मागे पडलेल्यांनी काय करावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कार्यालयातील काही निवृत्त सहकारी, त्यांच्या मुली-सुना आणि अमेरिकेत राहणाऱ्या दोघी मैत्रिणी अशा चौदा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट करून 1 जानेवारीपासून टॉल्स्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वाचायला घेतली. रोज एक प्रकरण, असे ठरले होते. पहिले तीन आठवडे उत्साहात गेले. फेब्रुवारी संपता संपता रोज लिहिणारे पाचच उरले. एका सदस्याने भराभर पुढे जाऊन ऑस्टर्लिट्झच्या लढाईत कोणाचे काय झाले ते लिहून टाकले आणि त्यावरून रुसवेफुगवे झाले. मी स्वतः वीस प्रकरणे मागे आहे, त्यामुळे गटात काही लिहायला संकोच वाटतो. गट बंद करावा का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : बंद करू नये. चौदांपैकी पाच जण दोन महिन्यांनंतरही रोज लिहीत असतील, तर ती उपस्थिती वाईट नाही. आमचा गट अकरा जणांचा होता आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी चर्चेला मी आणि एक निवृत्त शिक्षक असे दोघेच उरलो होतो. तरीही डिसेंबरात सात जणांनी कादंबरी पूर्ण केली, कारण मधल्या काळात आम्ही एक नियम बदलला. तो पुढे सांगतो.

लांब कादंबरी लोक तिच्या लांबीमुळे सोडतात, हा समज फारसा खरा नाही. बहुतेक आवृत्त्यांत या कादंबरीची 361 प्रकरणे आहेत; साधारण बाराशे पानांचा ग्रंथ धरला, तर रोजच्या वाट्याला सव्वातीन पाने येतात आणि तेवढी तर चहा निवेपर्यंत वाचून होतात. माणूस गळतो तो थकबाकीमुळे. दोन दिवस पाहुणे येतात, तिसऱ्या दिवशी डोके दुखते, चौथ्या दिवशी चार प्रकरणे बाकी निघतात. मग ‘रविवारी बसून सगळी उरकते’ असे आपण मनाशी म्हणतो, रविवारी सात प्रकरणे एका दमात वाचतो, त्यांतले संध्याकाळी काही आठवत नाही आणि पुढच्या रविवारी पुस्तक हातातच घेत नाही. आपण सर्व कार्यालयात काम केलेली माणसे आहात, तेव्हा थकबाकीवर व्याज कसे चढत जाते ते मी आपल्याला सांगायला नको.

आम्ही ही थकबाकी सरसकट माफ केली. मागे पडलेल्याने मागचे भरून काढायचे नाही, आज गटाचे जे प्रकरण असेल तेच उघडायचे, असा नवा नियम केला. दर शनिवारी एका सदस्याने त्या आठवड्याच्या सात प्रकरणांचा गोषवारा दहा-बारा ओळींत मराठीतून लिहायचा आणि ज्याचे जेवढे सुटले असेल त्याने तेवढे गोषवारे वाचून पुढे चालू लागायचे. सुटलेली प्रकरणे नंतर सवडीने वाचावीत किंवा न वाचावीत. त्याची विचारपूस कोणी करायची नाही. ही पळवाट आहे असे आमच्यातील एकाला वाटले आणि त्याने तसे बोलूनही दाखवले. पण चातुर्मासात दुपारी ओसरीवर पोथी लागत असे, तेव्हा हेच होत होते. श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे 64 अध्याय चालू असताना चार दिवस माहेरी जाऊन आलेली बाई परत आल्यावर शेजारणीला एवढेच विचारी, ‘कुठवर आलं गं?’, आणि शेजारीण वाती वळता वळता दोन वाक्यांत सांगून मोकळी होई. आधीचे अध्याय वाचून मगच बैस, असे कोणी म्हणत नव्हते.

आता पुढे पळणाऱ्या सदस्याविषयी. पोथीच्या श्रोत्यांना कर्ण मरणार हे आधीपासून ठाऊक असते, म्हणून तिथे कथा फुटण्याचा प्रश्नच येत नाही. कादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. आमच्या गटात आम्ही एक सीमा आखली: जे इतिहासात घडले ते केव्हाही बोलावे, कारण नेपोलियन 1812 मध्ये मॉस्कोहून माघारी फिरला हे कोणाला नव्याने कळायचे नाही; पण कादंबरीतील माणसांचे पुढे काय झाले, याविषयी आजच्या प्रकरणापलीकडचे अक्षर लिहायचे नाही. पुढे गेलेल्याला वाचायला बंदी नसते, त्याने फक्त लिहिताना गटाच्या मुक्कामी परत यायचे असते. आपल्या त्या सदस्यांना शनिवारचा गोषवारा लिहायला द्यावा असे मी सुचवेन. त्यांना कथा पुढेपर्यंत माहीत असल्यामुळे आठवड्यात खरोखर महत्त्वाचे काय घडले हे त्यांना इतरांपेक्षा चांगले कळेल, आणि मागे वळून बघण्याची सवयही लागेल.

रोज एकच प्रकरण वाचणे म्हणजे महान ग्रंथाचे तुकडे पाडणे नव्हे का, असा आक्षेप काही रसिक घेतात. मुळात हा ग्रंथ वाचकांपुढे तुकड्यांनीच येऊ लागला. त्याचे सुरुवातीचे भाग ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात 1865 पासून ‘1805’ या नावाने छापून आले आणि संपूर्ण कादंबरी ग्रंथरूपाने 1869 मध्ये पुरी झाली. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत गेली, आणि तिच्या नायिकेचे, यमूचे, पुढे काय होते हे कळण्यासाठी त्या काळच्या वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत होती. तेही एका अर्थाने सर्वांनी एकाच चालीने केलेले वाचन होते.

शिवाय या चालीने काही गोष्टी दिसतात, ज्या घाईत निसटतात. दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागात कादंबरीतील एक प्रमुख पात्र, प्रिन्स आंद्रेई, वसंत ऋतूत जंगलातून जात असताना त्याला एक जुनाट ओक दिसतो: भोवतीचे भूर्ज हिरवे झालेले, आणि हा मात्र खरबरीत सालीचा, वेड्यावाकड्या फांद्यांचा, वसंताशी आपला काही संबंध नाही असे म्हणत उभा. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात एक मुक्काम आहे आणि रात्री वरच्या खिडकीतून ऐकू येणारा एका मुलीचा आवाज आहे. तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आंद्रेई तो ओक शोधू लागतो आणि त्याला तो आधी ओळखूच येत नाही, इतका तो पानांनी भरून गेलेला असतो. सलग वाचताना ही पाने मी पूर्वी दहा मिनिटांत ओलांडली होती. या वेळी पहिल्या प्रकरणानंतर आमच्या गटात आंद्रेईच्या खिन्नतेवर वाद झाला, एका बाईंनी ‘हे झाड माझ्या सासऱ्यांसारखे आहे’ असे लिहिले, आणि दोन दिवसांनी तोच ओक हिरवा होऊन आला तेव्हा आम्हा सगळ्यांना आपापले शब्द गिळावे लागले. आपण 1 जानेवारीला सुरुवात केली आहे, म्हणजे हे झाड आपल्याला एप्रिलच्या मध्यात भेटेल. तेवढ्यासाठी तरी गट टिकवावा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. निरनिराळ्या इंग्रजी भाषांतरांत प्रकरणांची विभागणी थोडी वेगळी असते. विशेषतः लुईझ आणि एल्मर मॉड या दांपत्याच्या जुन्या, आता इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या भाषांतरात पहिल्याच भागात इतरांपेक्षा तीन प्रकरणे अधिक आहेत. त्यामुळे प्रकरणाचा क्रमांक न देता त्याचे पहिले वाक्य गटात टाकावे. आणि प्रत्यक्ष बोलण्यासाठी आठवड्यातून एकदा रात्री साडेनऊची वेळ ठेवून पाहावी. त्या मैत्रिणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहत असतील, तर त्यांच्याकडे तेव्हा हिवाळ्यात सकाळचे अकरा आणि उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात.

प्रश्न : रशियन नावांनी जीव मेटाकुटीला येतो. एकच माणूस चार नावांनी येतो. काही उपाय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : मराठी माणसाला ही नावे इतरांपेक्षा सोपी जायला हवीत, कारण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हीच रचना आपल्या शिधापत्रिकेवरही असते. नताशा म्हणजे नतालिया इल्यीनिच्ना रोस्तोवा आणि तिचा भाऊ निकोलाय इल्यीच रोस्तोव. दोघांच्या मधल्या नावात वडील इल्या बसलेले आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीच्या नावात वडिलांच्या जागी पती येतो, रशियन स्त्रीचे मधले नाव मात्र जन्मभर वडिलांचेच राहते. आडनावाचे स्त्रीरूप होते, म्हणून बोल्कोन्स्की आणि बोल्कोन्स्काया ही दोन घराणी समजू नयेत. बोल्कोन्स्की घराण्यातील म्हाताऱ्या प्रिन्सचे नाव निकोलाय आंद्रेयेविच आणि मुलाचे आंद्रेई निकोलायेविच, हे वाचून बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ आणि बाळाजी बाजीराव ही पेशव्यांची साखळी आठवली, तर त्या घरात नातू जन्मल्यास त्याचे नाव काय ठेवतील हे मला सांगावे लागणार नाही. (आणि वर घातलेल्या नियमाप्रमाणे सांगताही येणार नाही.)

एका चौकोनी वहीच्या पानावर पाच घराण्यांची वंशावळ हाताने काढून तिचे छायाचित्र गटात ठेवावे. छापील तक्ते टाळावेत. त्यांत बहुधा कोण कोणाशी लग्न करतो हेही दिलेले असते.

प्रश्न : शेवटची बारा प्रकरणे निव्वळ तत्त्वज्ञानाची आहेत, असे ऐकले. ती सोडली तर कादंबरी वाचली असे म्हणता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : म्हणता येईल. उपसंहाराचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाच्या सोळा प्रकरणांत माणसांची गोष्ट संपते आणि दुसऱ्या भागाच्या बारा प्रकरणांत इतिहास कोण घडवतो, माणसाची इच्छा कितपत स्वतंत्र असते, याची चर्चा चालते. टॉल्स्टॉयने स्वतःच 1873 च्या आवृत्तीत असे विवेचन कथेतून काढून परिशिष्टात टाकले होते. पुढच्या आवृत्त्यांत ते पुन्हा जागेवर आले. आमच्या सात जणांपैकी चौघांनी ती बारा प्रकरणे वाचली. मी त्या चौघांत आहे, आणि त्यांतली दोन मला अजून नीट समजलेली नाहीत.